प्रत्येक प्रोग्रामला त्याचा गेटपास

मावळातल्या आंबी आणि नवलाख उंबऱ्याच्या परिसरात एका बाजूला तळेगाव एमआयडीसीतले कारखाने आहेत, दुसऱ्या बाजूला फ्लोरिकल्चर पार्कमधली गुलाबाची पॉलिहाऊस आहेत आणि जवळच अभियांत्रिकी शिकवणारे मोठे शैक्षणिक संकुल आहे. या तिन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखी चालते. कुठला तरी प्रोग्राम रात्रंदिवस, कुणाला न विचारता, क्लाऊडमध्ये माहिती पाठवत असतो. पॉलिहाऊसमधल्या तापमानाच्या आणि आर्द्रतेच्या नोंदी दर काही मिनिटांनी जातात. मशीनची रीडिंग जातात, रात्री हिशेबाचा बॅकअप जातो, विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टमधले फोटो जातात.

या प्रोग्रामला क्लाऊडचे दार कोण उघडून देते? बहुतेक ठिकाणी कॉन्फिग फाइलमध्ये लिहून ठेवलेली एक ॲक्सेस की. तीच सेन्सरच्या गेटवेवर, तीच बॅकअपच्या संगणकावर आणि तीच सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्या व्हेंडरच्या लॅपटॉपवर.

एमआयडीसीतल्या कुठल्याही कारखान्याच्या गेटवर असा कारभार चालत नाही. कंत्राटी कामगाराच्या गेटपासवर त्याचे नाव, ठेकेदाराचे नाव, विभाग आणि मुदत असते. पेंट शॉपच्या पासवर टूल रूममध्ये शिरता येत नाही आणि मुदत संपली की गार्ड आत सोडत नाही. सगळ्या शिफ्टला मिळून एकच पास फिरवू, असे म्हणणाऱ्या ठेकेदाराला दुसऱ्या दिवशी कुणी दारात उभे करणार नाही. प्रोग्रामच्या बाबतीत आपण नेमके तेच चालवून घेतो. ते कसे बदलायचे, प्रोग्रामला स्वतःची ओळख कशी द्यायची, तिला किती अधिकार द्यायचे आणि जुनी किल्ली कायमची बंद कशी करायची, हे या लेखात पाहू.

किल्लीची नक्कल कळत नाही

ॲक्सेस की म्हणजे शेवटी अक्षरांची एक ओळ. ती कॉपी करायला एक क्षण पुरतो आणि मूळ जागी काहीच कमी झालेले दिसत नाही. तिला बहुधा मुदत नसते. ती कोण वापरतो आहे, हेही तिच्यावरून कळत नाही. किल्ली ज्याच्या हातात, त्याला क्लाऊड मालक समजते.

वाहन उद्योगातले एक उदाहरण इथल्या सुटे भाग बनवणाऱ्यांनी लक्षात ठेवावे असे आहे. टोयोटाच्या 'टी-कनेक्ट' सेवेच्या सोर्स कोडचा काही भाग एका कंत्राटदाराने डिसेंबर २०१७ मध्ये गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर सर्वांना दिसेल असा टाकला. त्यात डेटा सर्व्हरची ॲक्सेस की होती. ती सप्टेंबर २०२२ पर्यंत, म्हणजे जवळजवळ पाच वर्षे, तिथेच राहिली. २,९६,०१९ ग्राहकांचे ईमेल पत्ते आणि ग्राहक क्रमांक उघडे पडल्याची शक्यता कंपनीला जाहीर करावी लागली. कुणी ते पाहिले का, याचे 'नाही' असे ठाम उत्तर कंपनी देऊ शकली नाही.

कोड खासगी ठेवला म्हणजे झाले, असेही नाही. २०१६ मध्ये उबरच्या अभियंत्यांच्या खासगी गिटहब रेपॉझिटरीत हल्लेखोर शिरले. तिथे ॲमेझॉन क्लाऊडची किल्ली सापडली आणि तिच्या आधाराने ५ कोटी ७० लाख प्रवासी व चालकांची माहिती गेली.

विद्यार्थ्यांनी आणि लहान उद्योगांनी 'आपल्याकडे चोरण्यासारखे काय आहे' असे म्हणू नये. गिटहबवर पडलेल्या किल्ल्या शोधणारे प्रोग्राम सतत फिरत असतात. त्यांना तुमचा डेटा नको असतो, तुमच्या खात्यावर फुकट चालणारी यंत्रे हवी असतात. त्यावर ते क्रिप्टो नाण्यांचे मायनिंग करतात आणि बिल तुमच्या नावावर येते.

ओळख मिळते कशी

उपाय असा, की प्रोग्रामच्या हातात कायमची किल्ली द्यायचीच नाही. तो ज्या यंत्रावर चालतो, त्या यंत्राला क्लाऊड आधीपासून ओळखत असते. प्रोग्राम त्या यंत्राच्या आतल्या एका ठरावीक पत्त्यावर विचारणा करतो. हा पत्ता १६९.२५४.१६९.२५४ असून ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्ट आणि गूगल या तिघांकडेही तोच आहे. बाहेरच्या इंटरनेटवरून तिथे थेट पोचता येत नाही. विचारणा आली, की कोणत्या यंत्राला कोणती ओळख दिली आहे हे क्लाऊड पाहते आणि थोड्या मुदतीचे टोकन देते. मुदत संपत आली की प्रोग्रामची लायब्ररी नवे टोकन आपोआप आणते. कॉन्फिग फाइलमध्ये गुप्त असे काही उरत नाही.

ॲमेझॉनच्या एडब्ल्यूएसमध्ये या ओळखीला 'आयएएम रोल' म्हणतात, मायक्रोसॉफ्टच्या अझुरमध्ये 'मॅनेज्ड आयडेंटिटी' आणि गूगलमध्ये 'सर्व्हिस अकाउंट'. या ओळखींसाठी वेगळे पैसे पडत नाहीत. अझुरचे 'सेंट्रल इंडिया' केंद्र २०१५ पासून पुण्यात आहे, एडब्ल्यूएसचे मुंबई केंद्र २०१६ मध्ये आणि गूगलचे २०१७ मध्ये सुरू झाले. मावळातल्या उद्योगाला या तिन्ही सोयी अगदी जवळच्या केंद्रांतून मिळतात.

एका यंत्राने दुसऱ्या यंत्राची ओळख नीट न पटवता त्याच्यावर विश्वास टाकला तर काय होते, हे पुणेकरांनी ऑगस्ट २०१८ मध्ये पाहिले आहे. कॉसमॉस बँकेच्या एटीएम व्यवहारांना खऱ्या स्विचऐवजी हल्लेखोरांच्या बनावट स्विचकडून मंजुरी मिळत गेली आणि बँकेचे ९४ कोटींहून अधिक रुपये गेले. ते प्रकरण क्लाऊडचे नव्हते. पण 'समोरचे यंत्र नक्की कोण' हा प्रश्न दोन्हीकडे तोच आहे.

प्रोग्राम चालतो कुठे, ते आधी पाहा

*क्लाऊडमधल्याच सर्व्हरवर.* हे सर्वांत सोपे. एडब्ल्यूएसमध्ये सर्व्हरला किंवा लॅम्डा फंक्शनला रोल जोडा. अझुरमध्ये मॅनेज्ड आयडेंटिटी सुरू करा. तिचे दोन प्रकार आहेत. एक त्या सर्व्हरला बांधलेली असते आणि सर्व्हर काढून टाकला की तीही जाते. दुसरी स्वतंत्र असते आणि अनेक सर्व्हरना जोडता येते. एका सर्व्हरवर एकच काम असेल तर पहिली घ्या. एकच प्रोग्राम चार सर्व्हरवर चालत असेल तर दुसरी. गूगलमध्ये प्रत्येक प्रोग्रामसाठी नवे सर्व्हिस अकाउंट काढून ते सर्व्हरला जोडा, त्याची किल्ली असलेली जेसन फाइल डाउनलोड करू नका. जुन्या गूगल प्रोजेक्टमध्ये आपोआप तयार झालेल्या सर्व्हिस अकाउंटला 'एडिटर' हा अधिकार मिळालेला असतो. म्हणजे जवळजवळ सगळे प्रोजेक्ट त्याच्या हातात. ते आधी तपासा.

*गिटहबवरून कोड चढवताना.* नवा कोड क्लाऊडमध्ये चढवणाऱ्या गिटहब ॲक्शन्समध्ये अजूनही अनेक जण किल्ली साठवून ठेवतात. २०२१ पासून याची गरज उरलेली नाही. गिटहब प्रत्येक कामाला सही केलेले टोकन देते आणि क्लाऊड ते तपासून तात्पुरता प्रवेश देते. इथे एक अट विसरू नका. 'गिटहबवरून आलेले' एवढेच तपासले, तर जगातल्या कुणाच्याही रेपॉझिटरीला दार उघडे राहते. आपली रेपॉझिटरी आणि आपली मुख्य ब्रँच, दोन्हींची नावे अटीत लिहा.

*कारखान्यातल्या स्वतःच्या सर्व्हरवर.* क्लाऊड या सर्व्हरला ओळखत नाही, म्हणून ओळखीचा पुरावा आपण द्यायचा. एडब्ल्यूएसने २०२२ मध्ये आणलेल्या 'रोल्स एनीव्हेअर'मध्ये सर्व्हरवरचे डिजिटल सर्टिफिकेट दाखवून तात्पुरता प्रवेश मिळतो. अझुरमध्ये 'आर्क' बसवला की कारखान्यातल्या सर्व्हरलाही मॅनेज्ड आयडेंटिटी मिळते. गूगलमध्ये यासाठी 'वर्कलोड आयडेंटिटी फेडरेशन' आहे.

*पॉलिहाऊसमधल्या सेन्सर गेटवेवर.* प्रत्येक गेटवेला त्याचे वेगळे सर्टिफिकेट द्या. एडब्ल्यूएसच्या आयओटी कोअरमध्ये आणि अझुरच्या आयओटी हबमध्ये ही सोय आहे. पॉलिहाऊस क्रमांक ३ च्या गेटवेला फक्त क्रमांक ३ ची माहिती पाठवता यावी. तो गेटवे चोरीला गेला तर त्याचे एकट्याचे सर्टिफिकेट रद्द करायचे. बाकीची पॉलिहाऊस चालू राहतात.

*फक्त पासवर्डच समजणारे जुने सॉफ्टवेअर.* असे एखादे सॉफ्टवेअर सगळीकडे असते. त्याचा पासवर्ड क्लाऊडच्या गुप्त पेटीत ठेवा. एडब्ल्यूएसमध्ये तिला 'सिक्रेट्स मॅनेजर', अझुरमध्ये 'की व्हॉल्ट' आणि गूगलमध्ये 'सिक्रेट मॅनेजर' म्हणतात. प्रोग्रामने स्वतःची ओळख दाखवून तो पासवर्ड त्या वेळेपुरता वाचायचा.

अधिकार गरजेपुरतेच

ओळख दिली म्हणजे काम संपले, असे समजणे महागात पडते. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या कॅपिटल वन बँकेच्या बाबतीत रोल वापरलेला होता. फायरवॉलच्या चुकीच्या मांडणीचा फायदा घेऊन हल्लेखोराने सर्व्हरलाच आतल्या त्या पत्त्यावर विचारणा करायला लावली आणि रोलचे तात्पुरते टोकन मिळवले. त्या रोलला गरजेपेक्षा कितीतरी जास्त फाइली वाचण्याची मुभा होती. अमेरिकेतल्या सुमारे १० कोटी आणि कॅनडातल्या सुमारे ६० लाख लोकांची माहिती गेली. बँकेला ८ कोटी डॉलरचा दंड झाला. २०१९ च्याच नोव्हेंबरमध्ये एडब्ल्यूएसने आतल्या पत्त्यावरच्या विचारणेची अधिक सुरक्षित दुसरी आवृत्ती आणली. आपल्या सर्व्हरवर तीच सक्तीची करा. ती एक सेटिंग आहे.

अधिकार ठरवताना प्रत्येक प्रोग्रामबद्दल तीन प्रश्न विचारा. तो वाचतो, लिहितो की पुसतो? नेमक्या कोणत्या फोल्डरमध्ये किंवा टेबलमध्ये? आणि त्या कामाशिवाय त्याचे क्लाऊडमध्ये दुसरे काही काम आहे का?

समजा, गुलाबाच्या एका फार्मवर तीन प्रोग्राम आहेत. सेन्सरचा प्रोग्राम फक्त लिहितो, त्याला वाचण्याचा आणि पुसण्याचा अधिकार नको. व्यवस्थापकाच्या मोबाइलवर आलेख दाखवणारा प्रोग्राम फक्त वाचतो. बॅकअपचा प्रोग्राम एका वेगळ्या जागी लिहितो आणि ती जागा ठरावीक मुदतीपर्यंत कुणालाही पुसता न येणारी असावी. अशी साठवण तिन्ही क्लाऊडमध्ये मिळते. आता सेन्सरचा गेटवे कुणाच्या हाती लागला, तरी फार तर खोटी रीडिंग येतील. गेल्या हंगामाची नोंद आणि निर्यातीची बिले सुरक्षित राहतील.

जुनी किल्ली बंद करण्याचा क्रम

खरे काम इथे आहे आणि बहुतेक जण इथेच थांबतात. नवी ओळख तयार होते, प्रोग्राम चालतो, सगळे खूश होतात आणि जुनी किल्ली तशीच जिवंत राहते. त्यात एक तांत्रिक खोच आहे. तिन्ही क्लाऊडच्या नेहमीच्या लायब्ररी ओळख शोधताना आधी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल पाहतात आणि यंत्राला जोडलेली ओळख नंतर. जुनी किल्ली तिथे राहिली, तर प्रोग्राम गुपचूप तीच वापरत राहतो आणि नवी ओळख नुसती शोभेला उरते. म्हणून क्रम असा ठेवा:

१. यादी करा. एडब्ल्यूएसमध्ये 'क्रेडेन्शियल रिपोर्ट' काढा. त्यात प्रत्येक किल्ली कधीची आणि शेवटची कधी वापरली ते दिसते. अझुरमध्ये एन्ट्रा आयडी या ओळख सेवेच्या ॲप नोंदणीतली क्लायंट सिक्रेट, म्हणजे तिथल्या किल्ल्या, पाहा. गूगलमध्ये प्रत्येक सर्व्हिस अकाउंटच्या किल्ल्या पाहा.

२. मालक ठरवा. प्रत्येक किल्लीपुढे प्रोग्राम, यंत्र आणि जबाबदार माणूस लिहा. ज्या किल्लीपुढे नाव लिहिता येत नाही, तिच्याकडे सर्वांत आधी लक्ष द्या.

३. एकाच प्रोग्रामपासून सुरुवात करा. नवी ओळख, मोजके अधिकार आणि एक आठवडा निरीक्षण.

४. किल्ली सगळीकडून काढा. कॉन्फिग फाइल, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, वापरकर्त्याच्या फोल्डरमधली लपलेली फाइल आणि जुना बॅकअप, सगळे पाहा. मग प्रोग्रामला 'मी कोण' असे क्लाऊडला विचारायला लावा. एडब्ल्यूएसमध्ये यासाठी 'गेट कॉलर आयडेंटिटी' ही आज्ञा आहे. उत्तरात रोलचे नाव आले पाहिजे. आणखी एक खूण: एडब्ल्यूएसची कायमची किल्ली 'ए-के-आय-ए' या अक्षरांनी सुरू होते आणि तात्पुरती 'ए-एस-आय-ए'ने.

५. आधी थांबवा, मग पुसा. एडब्ल्यूएस आणि गूगलमध्ये किल्ली निष्क्रिय करून ठेवता येते आणि काही अडले तर परत सुरू करता येते. अझुरमध्ये एकटे सिक्रेट थांबवता येत नाही. तिथे त्या जुन्या ॲपचे साइन-इन बंद करून पाहा.

६. महिनाअखेर जाऊ द्या. महिन्यातून एकदाच चालणारे प्रोग्राम असतात: पगार, जीएसटीची माहिती, स्टॉकचा ताळा. ते सुरळीत पार पडले, की किल्ली पुसून टाका.

७. नव्या किल्ल्यांना आळा घाला. किल्ली तयारच करता येऊ नये, असा नियम संस्थेच्या पातळीवर एडब्ल्यूएस आणि गूगल दोन्हीकडे लावता येतो.

किल्ली उघड झाल्याचे कळले असेल, तर हा क्रम बाजूला ठेवा. आधी ती निष्क्रिय करा, काम थांबले तरी चालेल, आणि मग तपास करा. गिटहबवरच्या फाइलमधून ती ओळ पुसून भागत नाही. जुन्या आवृत्त्यांच्या इतिहासात ती राहतेच.

नोंदी १८० दिवसांच्या

स्वतंत्र ओळखीचा मोठा फायदा तपासाच्या वेळी कळतो. एकच किल्ली सगळीकडे असेल, तर नोंदीत एकच नाव शंभर वेळा दिसते. वेगळ्या ओळखी असतील, तर रात्री दोन वाजता आलेखाच्या प्रोग्रामने फाइली पुसायचा प्रयत्न केला, हे चटकन डोळ्यात भरते.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार, त्यांत सांगितलेल्या प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवाव्या लागतात आणि नोंदी १८० दिवस ठेवाव्या लागतात. हे निर्देश कंपन्यांनाही लागू आहेत. आता क्लाऊडची नेहमीची मुदत पाहा. एडब्ल्यूएसच्या क्लाऊडट्रेलमध्ये आपोआप दिसणारा इतिहास ९० दिवसांचा असतो आणि अझुरची ॲक्टिव्हिटी लॉगही ९० दिवसांचीच. म्हणजे काहीच केले नाही, तर अर्ध्या नोंदी हातच्या जातात. त्या वेगळ्या जागी साठवण्याची सोय पहिल्याच दिवशी करा. शिवाय कोणती फाइल कुणी वाचली, याची नोंद एडब्ल्यूएसमध्ये आपोआप होत नाही; महत्त्वाच्या साठवणीसाठी ती मुद्दाम सुरू करावी लागते.

ग्राहकांची किंवा कामगारांची माहिती साठवत असाल, तर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदाही लक्षात ठेवा. सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

मावळात काम करताना

पावसाळ्यात वीज आणि नेट जाते. टोकन नवे करायला नेट लागते, म्हणून गेटवेने माहिती स्वतःकडे साठवून नेट आल्यावर पाठवावी, अशी सोय करून घ्या. वीज गेल्यावर घड्याळाला बॅटरी नसलेल्या छोट्या संगणकांची वेळ चुकते. एडब्ल्यूएसच्या बहुतेक सेवा पाच मिनिटांहून जास्त फरक असलेली विनंती नाकारतात. संगणक सुरू होताच आधी वेळ जुळवून घ्यावी आणि मग माहिती पाठवावी. सर्टिफिकेट संपण्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

व्हेंडरला किल्ली देऊ नका. क्लाऊडचे खाते आपल्या कंपनीच्या नावावर ठेवा आणि व्हेंडरच्या खात्याला मोजक्या अधिकारांचा रोल द्या. करार संपल्यावर रोल काढून घेतला, की विषय संपला. अझुरमध्ये मॅनेज्ड आयडेंटिटीचे अधिकार काढल्यावर त्याचा परिणाम दिसायला काही तास लागू शकतात, कारण तिची टोकने २४ तासांपर्यंत जपून ठेवली जातात. अशी कामे शेवटच्या घटकेवर ढकलू नका.

फुलांच्या फार्मवर हे बदल जानेवारीच्या अखेरीस काढू नका. व्हॅलेंटाइनच्या निर्यातीसाठी काढणी, प्रतवारी आणि कोल्ड स्टोरेजची घाई चालू असताना प्रोग्राम अडला, तर दोष नव्या व्यवस्थेवर येईल आणि जुनी किल्ली परत बसवली जाईल. कारखान्यांनी मार्चअखेर टाळावी.

या आठवड्यात एवढेच करा: आपल्या क्लाऊड खात्यातल्या सगळ्या किल्ल्यांची यादी काढा आणि प्रत्येकीपुढे प्रोग्रामचे व माणसाचे नाव लिहा. ९० दिवसांत न वापरलेली किल्ली आजच निष्क्रिय करा. उरलेल्यांपैकी सर्वांत जास्त अधिकार असलेली पहिली हातात घ्या आणि ती पुसली जाईपर्यंत दुसरीला हात लावू नका.